वायपरला लागलेली धाप

मोटार चालवायला मी हौसेनं शिकले नाही. माझ्या यजमानांना दिसेनासं होऊ लागलं, म्हणून शिकले.

मंगरूळपीरला आमचा दवाखाना होता. यजमान डॉक्टर. आमच्या लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्यांच्याकडे एक जुनी काळी विलायती मोटार होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बनलेली आणि दोन मालकांच्या हातांतून फिरून आमच्याकडे आलेली. खेड्यातून बोलावणं आलं की ते ती घेऊन निघायचे. एका संध्याकाळी परतताना रस्त्याच्या कडेला उभी असलेली बैलगाडी त्यांना दिसलीच नाही. कोणाला लागलं नाही, मोटारीचा एक दिवा तेवढा फुटला. पण घरी येऊन ते ओसरीवर बसले ते बूट काढायचेही विसरले. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बैल पांढरे होते म्हणतात. पांढरे बैलही दिसले नाहीत मले."

नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की डोळ्यामागचा पडदा हळूहळू वाळत चालला आहे. त्याला औषध नाही, आणि किती वर्षं टिकेल ते सांगता येत नाही.  परतताना स्टेशनवर त्यांनी मला विचारलं, "मोटार शिकशील का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या उन्हाळ्यात, कापसाचा हंगाम संपल्यावर, जिनिंगच्या मोकळ्या आवारात त्यांनी मला शिकवलं. सकाळी ऊन चढायच्या आत. ते शेजारी बसत आणि चक्क डोळे मिटून घेत. गियर चुकला की आवाजावरून त्यांना कळायचं. "ते कण्हून राह्यली, ऐकलं का? तिले त्रास होऊन राह्यला. क्लच पुरा दाब." रोग्याच्या छातीला नळी लावल्यावर जसा चेहरा व्हायचा तसाच तेव्हाही व्हायचा. गावात चार दिवस चर्चा झाली. पाचव्या दिवशी ज्यांनी सगळ्यात जास्त नावं ठेवली होती त्यांच्याच घरी बाळंतपण अडलं आणि मीच यजमानांना तिथवर नेलं. पुढं कोणी काही बोललं नाही.

उन्हाळा निभला. पावसाळ्यात खरी परीक्षा सुरू झाली.

आमच्या मोटारीला एकच वायपर होता, चालवणाऱ्याच्या बाजूला. काचेच्या वर आतून एक लोखंडी डबी बसवलेली होती, तळहाताएवढी. तिची खुंटी फिरवली की बाहेरचा दांडा काचेवरून डावी-उजवी करायचा. म्हणजे करायला हवा होता. सपाटीवर तो कसाबसा हलायचा, पाय ओढत चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. चढ लागला की मधेच थांबायचा. मोटार उभी केली की पुन्हा हळूच निघायचा, जणू काही झालंच नव्हतं.

मला वाटलं, रबर झिजलं असेल. नवं रबर बसवून घेतलं. फरक नाही. कोणी म्हणालं, काचेवर तंबाखूचं पान चोळा, पाणी ठरत नाही. कोणी म्हणालं, कापलेला बटाटा. मी दोन्ही केलं. काचेला वास तेवढा राहिला. अकोल्याच्या एका मिस्त्रीनं डबीवर स्क्रूड्रायव्हरनं टकटक केली आणि मान हलवली. "ही मशीनच गेली बाई. विलायतेहून मागवा लागते. नाही तर पावसात गाडी काढूच नका."

पावसात रोगी थांबत नाहीत, हे त्याला कोण सांगणार?

श्रावणात झड लागली. आमच्याकडे दिवसचे दिवस न थांबणाऱ्या पावसाला झड म्हणतात. जोर नसतो, आवाज नसतो, नुसता धूसर पडदा लागलेला. तिसऱ्या दिवशी सकाळी आसेगावहून माणूस आला. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना ताप होता आणि दम लागत होता. माणूस सायकलनं परत गेला, आम्ही त्याच्या मागं मोटार काढली.

दोन्ही बाजूंनी ज्वारी कमरेएवढी वाढलेली, मधून मुरमाची तांबूस सडक. समोरून कोणी नाही. मोटारीच्या आत कोरडं नि उबदार वाटत होतं, औषधांच्या बॅगेचा वास येत होता. वायपर आपला ओढत होता. मग मोठा चढ आला. मी पाय दाबला, इंजिनानं आवाज चढवला आणि वायपर काचेच्या बरोबर मधे थांबला.

मी मोटार थोडी कडेला घेऊन उभी केली. इंजिन बंद पडलं. एकदम सगळं शांत झालं, छतावर बारीक थेंब तेवढे वाजत राहिले.

काचेवरून पाणी उतरत होतं आणि त्या पाण्यातून सगळं रान उतरत होतं. ज्वारीचा हिरवा रंग खाली ओघळून सडकेच्या तांबूस रंगात मिसळला. पुढं एक झाड होतं, बाभूळ असावी. तिचा बुंधा कधी दोन व्हायचा, कधी मुळीच नसायचा. झाडाखाली कोणीतरी उभं होतं, की ती गाय होती? मी बघत राहिले. घाई होती, तरी मला हलावंसं वाटेना. पाण्याखाली बुडालेल्या गावातून आपण जात आहोत असं काहीतरी वाटत होतं, आणि भीती मात्र वाटत नव्हती.

"काय दिसून राह्यलं?" यजमानांनी विचारलं.

मी जसं दिसत होतं तसं सांगितलं. रंग ओघळतात. झाडाला कड नाही. माणूस आहे की जनावर, कळत नाही.

 ते अगदी साध्या सुरात म्हणाले, "मले असंच दिसते. पाऊस नसला तरी."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. नागपूरहून आल्याला वर्ष होत आलं होतं. इतक्या दिवसांत मी त्यांना पेपर वाचून दाखवले होते, ताटातली वाटी त्यांच्या हाताशी सरकवली होती. पण त्यांना कसं दिसतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत होती म्हणा ना. आणि आता ते माझ्यासमोर काचेवर लख्ख मांडून ठेवलं होतं.

"इतकं?" मी म्हटलं.

"इतकं वाईट नाही ते," ते म्हणाले. "पाह्य ना, सुंदरही आहे. फक्त त्यात मोटार चालवता येत नाही."

मग ते हसले. मला हसू आलं नाही. मी पदर खोचला, बाजूची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि तशीच भिजत मोटार चढावरून काढली. झाडाखाली गाय होती.

आसेगावात म्हाताऱ्यांना तपासलं. यजमानांनी छातीला, पाठीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं, सुई दिली, शेक सांगितला. घाबरण्यासारखं नव्हतं. घरच्या बाईनं मला कोरडं लुगडं नेसायला दिलं आणि दोघांच्या हातात चहा ठेवला. आम्ही ओसरीवर बसलो. समोरच्या घरातून पेटीचा आवाज येत होता. कोणी गात नव्हतं. एकच सूर धरलेला, तो मधेच बसायचा, परत उठायचा, परत बसायचा.

यजमानांनी कप खाली ठेवला.

"ऐकून राह्यली का तू? भात्यात कुठं तरी हवा निसटते. सुराले धाप लागून राह्यली." मग म्हणाले, "आपल्या वायपरलेही अशीच लागते. थांबायच्या आधी त्या डबीतून उसासा येतो. बारीक. तुले इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नसन."

मला खरंच कधी ऐकू आला नव्हता.

घरातला माणूस म्हणाला, "ते पेटीवाले बुवा आहेत. चहूकडच्या भजनमंडळांच्या पेट्या त्यायच्याकडेच येतात."

यजमान उठलेच. मी त्यांचा हात धरून चिखलातून समोर नेलं.

बुवा पन्नाशीचे, बारके, अंगात बंडी. मांडीपुढं एक पेटी उघडून ठेवलेली, तिचा भाता पंख्यासारखा पसरलेला. भोवती पेटीचे सुटे पितळी सूर, चामड्याच्या पट्ट्या, सरसाचं मडकं. यजमानांनी सगळं सांगितलं. बुवांनी ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"डाक्टरसायेब, मी मोटारीत कधी बसलो नाही. तिले हात लावू म्हणता? बिघडली म्हणजे?"

"बिघडलेलीच आहे," यजमान म्हणाले. "मले फक्त इतकं सांगा, हवा कुठून चोरीले जाऊन राह्यली."

"चोरी म्हणता तर पाहू," बुवा म्हणाले, आणि डोक्यावर पोतं घेऊन आमच्यासोबत आले.

यजमानांनी त्यांना समजावलं. मलाही तेव्हाच नीट कळलं. त्या जुन्या मोटारीचा वायपर विजेवर चालत नव्हता. इंजिन चालताना हवा आत ओढतं. इंजिनापासून एक रबरी नळी निघून दाराशेजारच्या खांबावरून वरच्या डबीपर्यंत जाते, आणि त्या ओढीनं डबीतली फळी हलते. फळीला वायपरचा दांडा जोडलेला.

बुवांचा चेहरा खुलला. "म्हणजे ही पेटीच झाली! आमच्या पेटीले आपण हवा देतो, हे आपली आपण ओढते. उलटी पेटी."

मग त्यांची भीती गेली. मला इंजिन सुरू ठेवून बसायला सांगितलं. बॉनेटखाली नळीचं टोक काढून त्यांनी तिथं अंगठा लावला. "बापा, काय ओढून राह्यलं! अंगठा सोडत नाही. इथं तर दम पक्का आहे." टोक परत बसवलं, आत येऊन डबीजवळचं दुसरं टोक काढलं, तिथं अंगठा लावला. "इथं नाही. निघाली तिथं पैलवान, पोचली इथं पोरगी. मधे वाटेतच लुटली."

पण कुठं? नळी काळी, मळकट, हातानं काही लागेना. वरच्या टोकात त्यांनी लाकडाचा तुकडा ठोकून ते बंद केलं. मग घरात जाऊन देवापुढची पेटती उदबत्ती आणली. मी दारंखिडक्या लावून घेतल्या. बुवा माझ्या पायांशी वाकून बसले आणि उदबत्ती नळीच्या कडेनं हळूहळू वर नेऊ लागले. निळसर धूर सरळ वर जात होता. खांबाच्या वळणाशी आला आणि एकदम मोडला. धुराची बारीक रेघ आडवी झाली आणि नळीत शिरून नाहीशी झाली.

तिथं नखाएवढी चीर होती.

"सापडली!" बुवा इतक्या हळू म्हणाले, जणू ती पळून जाईल.

"धूर आत गेला का?" यजमानांनी मागच्या सीटवरून विचारलं. मी कसा गेला ते सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

नवी नळी आसेगावात कुठून मिळणार? यजमानांनी आपली बॅग मांडीवर घेतली, चाचपून एनिमाच्या डब्याची जाड लाल रबरी नळी बाहेर काढली आणि म्हणाले, "आज रोग्याले नाही लागली, मोटारले लागली." ओसरीवरची माणसं हसली. नळी बरोबर बसली. मी खुंटी फिरवली. वायपर आधीपेक्षा जोरात निघाला, अर्ध्यावर गेला, थरथरला आणि थांबला.

आता माझा धीर सुटला. मी म्हटलं, जाऊ द्या, इतकं झालं तेच खूप. पण ते दोघं माझं ऐकतच नव्हते. बुवांनी डबीला कान लावला होता, आणि यजमानांनी पुढं वाकून आपली नळी डबीला लावली होती, छातीला लावतात तीच. दोघांचे डोळे मिटलेले.

"आतही गळते," यजमान म्हणाले.

"हो. पण ह्या आवाजात फरक आहे. ही चीर नाही, हे कातडं आहे. सुकलेलं कातडं असंच फसफसते."

डबी काढून बुवांच्या ओसरीवर नेली. चार स्क्रू काढल्यावर झाकण निघालं. आत बोटाएवढी फळी आणि तिच्या कडांना चामड्याची पट्टी. ती इतकी वाळून आकसली होती की नखानं टोचताच भुगा झाला. बुवांनी यजमानांचं बोट धरून त्या कडेवरून फिरवलं. दोघांनीही माना हलवल्या. वारा अडवणारं काही राहिलंच नव्हतं.

बुवांनी पेटीच्या भात्यासाठी ठेवलेलं बकरीचं मऊ चामडं घेतलं, त्याची अरुंद पट्टी कापली, कडा वस्तऱ्यानं पातळ केल्या आणि गरम सरसानं फळीला चिकटवली. मग ती चुलीपासून हातभर दूर ठेवली. "घाई केली तर उखडते," ते म्हणाले. "बसा आता."

आम्ही बसलो. किती वेळ, सांगता येणार नाही. झड पडतच होती. अंगणातल्या पाण्यावर थेंबांची वर्तुळं एकमेकांत शिरत होती. सरसाचा उग्र वास, चुलीचा धूर, ओल्या मातीचा गारवा. बुवांनी तोवर दुरुस्त झालेली दुसरी पेटी पुढं ओढली आणि वाजवायला लागले. कुठलं गाणं नव्हतं ते. सूर बरोबर लागले की नाही, एवढंच तपासत होते, पण थांबेनात. यजमान भिंतीला टेकून बसले होते. मला दिलेलं लुगडं परक्या घराचं, मोठ्या रुंद काठाचं. मी त्याचा काठ बोटांत फिरवत होते. दूर मंगरूळला दवाखाना असेल, रोगी खोळंबले असतील, हे मनात आलं नि विरून गेलं. एकदा वाटलं की आपण झोपलो आहोत. एकदा वाटलं, आपण फार वर्षांनी हे सगळं आठवत बसलो आहोत.

पट्टी वाळली. बुवांनी तिला कोमट एरंडेल चोळून मऊ केली, डबी बंद केली, मोटारीत बसवली. मी इंजिन सुरू करून खुंटी फिरवली. वायपर निघाला. या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला आणि परत आला. पुन्हा गेला. काचेवर स्वच्छ कमान उमटली आणि तिच्यातून समोरचं घर, ओसरीवरची माणसं, एकेकाचे दात दिसले.

"उसासा?" बुवांनी विचारलं.

यजमानांनी कान दिला. "नाही. बरा झाला रोगी."

बुवांनी मोबदला म्हणून काही घेतलं नाही. थोडं घुटमळत म्हणाले, "बाई, एक चक्कर मारता का? वायपर चालू ठेवून." मी त्यांना शेजारी बसवून गावाच्या टोकापर्यंत नेलं नि परत आणलं. ते रस्त्याकडे पाहत नव्हते. मांडीवर बोटानं ताल धरून वायपरचं जाणं-येणं ऐकत होते. उतरताना मला म्हणाले, "एक ध्यानात ठेवजा. चढावर तो थोडा मंदावणारच. चढावर इंजिनलेच श्वास पुरत नाही, ते ह्याले कुठून देईन? अशा वेळी पाय क्षणभर उचलून घेत जा. त्याचं काम तो करून घेईन."

परतताना मी तसंच केलं. चढावर पाय क्षणभर उचलायचा, वायपर दोन फेऱ्या मारायचा, पुढचं दिसायचं, मग पुन्हा पाय दाबायचा. दिसेल तितकं जायचं. आणि आपोआप मी बोलायला लागले. डाव्या हाताला तूर आहे. एक बाई डोक्यावर घोंगडी घेऊन चालली आहे. नाल्याचं पाणी गढूळ आहे, पण पुलाखालीच आहे. यजमान माझ्या बाजूला थोडे वळून बसले.

ती सवय मग राहिलीच. पुढं तीन-चार वर्षांत त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं. दवाखाना सुरू राहिला. बोटांनी आणि कानांनी ते जेवढं ओळखायचे तेवढं डोळस डॉक्टरांनाही जमत नसे, असं लोक म्हणायचे. मला त्यातलं कळत नाही. औषधाच्या बाटल्यांवरची नावं मी वाचायची आणि खेड्यांच्या वाटा मी पाहायच्या. वायपरचं चामडं दर पावसाळ्याआधी मीच एरंडेलानं चोळायचं.

एकदा हिवाळ्याच्या तोंडाशी इंझोरीहून परत येत होतो. कापूस फुटला होता, आभाळ स्वच्छ होतं. मी सांगत होते, तारेवर नीळकंठ बसला आहे. थोडं पुढं आणखी एक. मग पळसावर एक मोर. मग तळ्यावर बगळ्यांची रांग. खरं म्हणजे तारेवर एक पाखरू होतं नि तेही कोणतं ते मला दिसलं नव्हतं. रस्ता सरळ नि रिकामा होता, त्या दिवशीचा रोगी वाचला नव्हता, आणि ते इंझोरीहून निघाल्यापासून गप्प होते.

"आज लय पाखरं निघाली," ते म्हणाले.

मी गप्प झाले. पकडले गेले होते.

 मग त्यांनी हात पुढं करून माझ्या कोपराला लावला, चालवण्यात अडथळा येणार नाही असा, हलकाच.

"थांबली काहून?" ते म्हणाले. "बगळे किती होते?"

मी सांगितलं, नऊ.